जर्मन राष्ट्रवादी पंडितांचा भांडवलशाहीविरोध

भांडवलशाहीवर टीका करणारे लेखक म्हटले कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें बहुधा मार्क्स आणि त्याचे अनुयायी उभे राहतात. धनिकांविरुद्ध बोलेल तो डावा, आणि राष्ट्राच्या नांवानें बोलेल तो धनिकांचा मित्र, अशी एक सोयीची वांटणी आपण मनाशीं करून ठेविली आहे. युरोपच्या विचारांचा इतिहास या वांटणीस जुमानीत नाहीं. पहिल्या महायुद्धापासून १९३३ सालापर्यंत जर्मनींत भांडवलशाहीवर जी कडवट आणि वाङ्मयदृष्ट्या प्रभावी टीका झाली, तिचा फार मोठा भाग मार्क्सच्या कट्टर विरोधकांच्या लेखणींतून उतरला आहे. हे लेखक राष्ट्रवादी होते. त्यांत प्राध्यापक होते, इतिहासाचे भाष्यकार होते, संपादक होते, महायुद्धांत लढून आलेले कादंबरीकार होते. पैशाच्या राज्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि त्यांचीं पुस्तकें शिक्षक, वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी यांच्या घरांतून आवडीनें वाचलीं जात होतीं. त्या पुस्तकांचा आणि त्यांच्या राजकीय परिणामाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, एवढ्या तिटकाऱ्यानें लिहिणाऱ्या, एवढ्या लोकप्रिय लेखकांच्या देशांत भांडवलशाहीचें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. बिघडलें तें लोकसत्तेचें आणि ज्यू समाजाचें. हा केवळ दैवाचा खेळ होता काय? आमच्या मतें या परिणामाचें बीज त्या पुस्तकांच्या मांडणींतच होतें. या लेखकांनीं भांडवलशाही ही व्यवस्था म्हणून तपासली नाहीं. ती एक स्वभाव म्हणून रंगविली. व्यवस्थेचे कायदे असतात, तिचे हिशेब असतात, तींत कोणाच्या पदरीं किती पडतें हें मोजतां येतें, आणि म्हणून ती बदलतांही येते. स्वभावास मात्र धनी लागतो. हा लोभी स्वभाव कोणाचा, असें एकदां विचारलें कीं कोणत्या तरी जनसमूहाकडे बोट दाखविणें भाग पडतें.

या लेखकांना न्याय द्यावयाचा तर त्यांच्या संतापास सबळ कारण होतें हें प्रथम सांगितलें पाहिजे. १९२३ च्या नोव्हेंबरांत एका डॉलरची किंमत ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर गेली. ज्या शिक्षकानें किंवा पेन्शनरानें जन्मभर पोटास चिमटा घेऊन सरकारी रोखे घेतले होते, त्याच्या रोख्यांची किंमत पावाच्या तुकड्याइतकीही राहिली नाहीं. ज्यानें कर्ज काढून कारखाने विकत घेतले होते, त्याचें कर्ज मात्र आपोआप फिटल्यासारखें झालें. ह्यूगो स्टिनेस या उद्योगपतीनें याच काळांत खाणी, जहाजें, कागदाचे कारखाने, वर्तमानपत्रें यांचें अवाढव्य साम्राज्य उभारलें. पुढें जागतिक मंदी आली, आणि १९३२ च्या आरंभीं नोंदलेल्या बेकारांचीच संख्या साठ लाखांवर गेली. काटकसर, सचोटी आणि विद्या हीं ज्या वर्गाचीं दैवतें, त्या वर्गास तीं डोळ्यांदेखत बुडालेलीं पाहावीं लागलीं. अशा वेळीं पैशाच्या राज्याचा धिक्कार करणारा लेखक त्यास आपला वाटला, यांत नवल कसलें?

या विचाराचीं मुळें जुनीं आहेत. तत्त्वज्ञ फिख्टे यानें १८०० सालीं एक ग्रंथ लिहून, राष्ट्रानें परदेशी व्यापारापासून आपणांस अलग करावें, सोन्यारुप्याच्या नाण्याऐवजीं स्वतःचें चलन चालवावें, आणि प्रत्येकास आपल्या श्रमावर जगतां येईल अशी तजवीज करावी, असें सुचविलें होतें. फ्रीड्रिख लिस्ट यानें १८४१ सालीं राष्ट्रीय अर्थशास्त्राची मांडणी करून इंग्लंडच्या खुल्या व्यापाराच्या तत्त्वावर हल्ला चढविला. दोघांचींही मतें वादग्रस्त आहेत. पण दोघांचाही वाद धोरणाशीं होता. जकात किती असावी, चलन कोणतें असावें, याविषयींच्या मतास उलट पुरावा देतां येतो.

हा सूर १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर पालटला. १८७० च्या कायद्यानें कंपनी काढण्यास सरकारी परवान्याची गरज उरली नव्हती. त्यामुळें पावसाळ्यांतील छत्र्यांप्रमाणें कंपन्या उगवल्या आणि शेअरबाजार कोसळतांच हजारों लोक बुडाले. या दुखण्यावर एक उपाय कायद्याचा होता, आणि तो १८८४ सालीं कंपनी-कायदा कडक करून झालाही. परंतु त्याआधींच दुसरें एक उत्तर घरोघर पोंचलें होतें. ओटो ग्लागाऊ या पत्रकारानें १८७४ च्या अखेरीपासून 'डी गार्टनलाउबे' या साप्ताहिकांत शेअरबाजारांतील लबाडीवर लेखमाला सुरू केली. हें साप्ताहिक कुटुंबांतील सर्वांनीं वाचावें म्हणून निघत असे, आणि त्याचा खप तीन लाखांहून अधिक होता. कायद्यांतील पळवाटा समजावून देण्यापेक्षां या लबाडीचा दोष ज्यूंच्या माथीं मारणें ग्लागाऊस सोपें आणि वाचकांस रुचकर वाटलें. 'कशामुळें' या प्रश्नाच्या जागीं 'कोणामुळें' हा प्रश्न येऊन बसला. विसाव्या शतकांतील विद्वान् लेखकांनीं हा प्रश्न तसाच उचलला. फक्त त्यास अधिक भारदस्त भाषा दिली.

या विद्वानांत अग्रपूजेचा मान वेर्नर झोंबार्ट याचा. हा गृहस्थ कोणी सवंग प्रचारक नव्हता. तरुणपणीं त्यानें मार्क्सचा कसून अभ्यास केला होता आणि त्याबद्दल खुद्द एंगल्सनें त्याची वाखाणणी केली होती. १९०२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'आधुनिक भांडवलशाही' या ग्रंथास अर्थशास्त्राच्या इतिहासांत आजही स्थान आहे. या ग्रंथांत हिशेबाच्या पद्धति, बाजारपेठा, कारागिरी, वाहतूक यांचा तपशील पानोपानीं भरला आहे. परंतु भांडवलशाहीच्या मुळाशीं एक विशिष्ट मनोवृत्ति आहे, या कल्पनेनें त्याला पुढें पुढें झपाटलें. १९११ सालीं त्यानें ज्यू आणि आर्थिक जीवन यांविषयींचा ग्रंथ लिहून त्या मनोवृत्तीचा मोठा वांटा ज्यूंच्या पदरीं घातला. १९१५ सालीं, युद्धाच्या धुमाळींत, 'व्यापारी आणि वीर' हें पुस्तक लिहून तीच मनोवृत्ति त्यानें सबंध इंग्रज राष्ट्रास चिकटविली. इंग्रज हा व्यापारी, तो जीवनाकडे नफ्यातोट्याच्या दृष्टीनें पाहतो. जर्मन हा वीर, तो कर्तव्य आणि त्याग जाणतो. आणि हें युद्ध म्हणजे या दोन वृत्तींची झुंज, असा त्या पुस्तकाचा इत्यर्थ आहे.

आतां हें पुस्तक ज्या सालीं निघालें त्या सालचा जर्मनी कसा होता तें पाहा. १९१३ सालीं जर्मनीचें पोलादाचें उत्पादन इंग्लंडच्या दुपटीहून अधिक होतें. एसेन येथें क्रुपचे तोफांचे प्रचंड कारखाने धडधडत होते. विजेच्या यंत्रांत सीमेन्स, रसायनांत बायर यांचें नांव जगभर होतें. आणि बर्लिनच्या बँका उद्योगधंद्यांशीं इतक्या घट्ट जखडलेल्या होत्या कीं त्या जोडणीचा अभ्यास परदेशी पंडित करीत. म्हणजे युरोपांतील सर्वांत जोमदार भांडवलशाही त्या वेळीं या वीरांच्याच देशांत नांदत होती. 'आधुनिक भांडवलशाही'च्या कर्त्यास हें ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? पण लोभ हा परक्याचा गुण ठरविला कीं आपल्या घरचें भांडवल भांडवल राहत नाहीं. तें 'राष्ट्राचें सामर्थ्य' होतें. क्रुपचा नफा आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्याचा नफा यांची वजनें वेगवेगळ्या तराजूंत होऊं लागतात. झोंबार्टच्या विद्वत्तेनें जें सत्य कष्टानें गोळा केलें होतें तें त्याच्या वक्तृत्वानें असें उधळून टाकलें.

ओस्वाल्ड श्पेंग्लरचें नांव आपल्या वाचकांस अधिक परिचित असेल. 'पाश्चात्य संस्कृतीचा ऱ्हास' या ग्रंथाचा पहिला खंड १९१८ सालीं निघाला आणि पराभवानें खचलेल्या जर्मनींत तो घरोघर गेला. परंतु राजकारणाच्या दृष्टीनें त्याहून परिणामकारक ठरली ती 'प्रशियन वृत्ति आणि समाजवाद' ही १९१९ सालची लहानशी पुस्तिका. तिच्यांत त्यानें मोठें धाडस केलें. समाजवाद हा शब्दच त्यानें मार्क्सच्या हातून काढून घेतला. मार्क्सचा समाजवाद हा खरें पाहतां इंग्रजी व्यापारी वृत्तीचाच उलटा अवतार आहे. खरा समाजवाद प्रशियाच्या राजांच्या शिस्तींत आहे. तेथें प्रत्येक जण हुकूम देतो वा पाळतो, आणि सर्वच राष्ट्राचे सेवक असतात, असें त्याचें प्रतिपादन. भाषा विलक्षण जोरकस आहे. एकेक वाक्य नगाऱ्यावर टिपरी पडावी तसें पडतें. पण वाचकानें क्षणभर थांबून विचारावें, कीं या समाजवादांत कारखान्याचा मालक कोण? तर मालक जो होता तोच. मालमत्ता आणि वारसाहक्क कायम. बदलावयाचें तें फक्त मालकाचें आणि मजुराचें मन. रूहरच्या पोलाद-उद्योगांतील पाउल रॉइशसारखा मोठा अधिकारी श्पेंग्लरचा स्नेही असावा, यांत मग विसंगति दिसत नाहीं. अशा समाजवादापासून पोलादाच्या कारखान्यास भय कसलें? भय असलेंच तर मजुरांच्या संघांस होतें. कारण शिस्तीच्या राज्यांत संप हा बंडाचाच एक प्रकार ठरतो.

म्योलर फान डेन ब्रुक हा या मंडळींतील खरा साहित्यिक. दोस्तोव्हस्कीच्या समग्र वाङ्मयाची जर्मन आवृत्ति त्याच्या देखरेखीखालीं निघाली होती. त्याच्या १९२३ सालच्या 'तिसरें साम्राज्य' या पुस्तकाचें नांव पुढें नाझी राजवटीनें आपल्या कपाळीं लावून घेतलें. तें पाहण्यास तो उरला नाहीं, १९२५ सालीं त्यानें आत्महत्या केली. प्रत्येक राष्ट्राचा समाजवाद निराळा असतो, हें त्याचें मुख्य सूत्र. मार्क्सनें जें भांडण मालक आणि मजूर यांच्यामध्यें लावलें, तें म्योलरनें उचलून राष्ट्राराष्ट्रांमध्यें ठेवलें: कांहीं राष्ट्रें धनिक आणि म्हातारीं, कांहीं दरिद्री आणि तरुण, जर्मनी दुसऱ्या वर्गांतला. व्हर्सायच्या तहानें दुखावलेल्या वाचकास ही कल्पना किती गोड वाटली असेल याची कल्पना आपण करूं शकतों. तिच्यांत सत्याचा अंश नाहीं असेंही नाहीं. पण तिचा एक परिणाम असा कीं देशांतील दरिद्री मनुष्य आणि देशांतील कोट्यधीश हे दोघे एकाच 'दरिद्री राष्ट्राचे' घटक होऊन बसतात, आणि दोघांमधील हिशेब बोलून दाखविणें हाच देशद्रोह ठरतो.

१९२९ सालीं हान्स झेररनें 'डी टाट' म्हणजे 'कृति' या मासिकाची सूत्रें हातीं घेतलीं तेव्हां त्याचा खप हजाराच्या आसपास होता. दोनतीन वर्षांत तो वीस हजारांच्या वर गेला. विचारप्रधान मासिकास असें यश क्वचित् लाभतें. या मासिकाचा अर्थविषयक लेखक फेर्डिनांड फ्रीड या टोपणनांवानें लिहीत असे. त्याचें 'भांडवलशाहीचा अंत' हें पुस्तक १९३१ सालीं निघालें. फ्रीडची गोष्ट वर वर्णिलेल्या लेखकांपेक्षां कांहींशी वेगळी आहे. त्याच्या लिखाणांत आंकडे आहेत, बँका आणि मक्तेदाऱ्या यांचीं वर्णनें आहेत. पण आंकडे येतात ते शकुनासारखे. त्यांवरून काय करावें हें निघत नाहीं, सर्व कांहीं संपत आलें आहे एवढेंच निघतें. संसद संपली, पक्ष संपले, उदारमत संपलें, जागतिक बाजार संपला. मासामागून मास हें ऐकणाऱ्या तरुण वकिलाच्या वा अधिकाऱ्याच्या मनांत लोकसत्तेचें रक्षण करण्याची उमेद कोठून राहावी? एर्न्स्ट युंगरचें 'कामगार' हें पुस्तक १९३२ सालीं निघालें. त्यांतील कामगारास पगार नाहीं, घर नाहीं, भूक नाहीं. तो पोलादाचा एक पुतळा आहे. गद्य या दृष्टीनें त्या पुस्तकास भव्यता आहे. माणूस मात्र त्यांत सांपडत नाहीं.

असो. हे झाले पंडित. त्यांच्या शेजारींच, पण खालच्या आळींत, एक राजकीय पक्ष वाढत होता. गोटफ्रीड फेडर या इंजिनियरनें व्याजाच्या गुलामगिरीविरुद्ध १९१९ सालीं एक जाहीरनामा काढला. त्याच सालीं त्याचें व्याख्यान हिटलरनें ऐकलें आणि त्याचा आपल्यावर खोल परिणाम झाल्याचें त्यानें पुढें स्वतः नमूद केलें. फेडरनें भांडवलाचे दोन भाग केले: एक निर्माण करणारें, दुसरें ओरबाडणारें. पहिलें कारखानदाराचें, दुसरें सावकाराचें. पहिलें जर्मन, दुसरें ज्यू. झोंबार्टचा वीर आणि झोंबार्टचा व्यापारी यांचीच ही बाजारी आवृत्ति, हें सांगावयास नको. १९२० च्या फेब्रुवारींत पक्षानें पंचवीस कलमांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यांत विनाश्रम उत्पन्न बंद करणें, मोठ्या औद्योगिक संघांचें राष्ट्रीयीकरण, मोठीं दुकानें काढून घेऊन लहान व्यापाऱ्यांस देणें, आणि सार्वजनिक कामासाठीं मोबदल्यावांचून जमीन घेणें, हीं सर्व कलमें होतीं.

या कलमांचें पुढें काय झालें तें आमच्या मुद्द्याचा पुरावाच आहे. १९२८ च्या एप्रिलांत, जमीनदार वर्ग बिथरूं नये म्हणून, हिटलरनें सतराव्या कलमावर खुलासा प्रसिद्ध केला: पक्ष खाजगी मालमत्ता मानतो, आणि हें कलम मुख्यतः जमिनीचा सट्टा करणाऱ्या ज्यू कंपन्यांसाठीं आहे. एका खुलाशानें कायदा जाऊन जात आली. १९३० च्या ऑक्टोबरांत पक्षाच्या कांहीं सभासदांनीं मोठ्या बँका ताब्यांत घेण्याचें आणि व्याजास मर्यादा घालण्याचें विधेयक संसदेंत आणलें. हिटलरनें तें मागें घेण्यास लावलें. कम्युनिस्टांनीं तेंच विधेयक शब्दशः पुन्हा मांडलें, आणि नाझी सभासदांना आपल्याच शब्दांविरुद्ध मत द्यावें लागलें. १९३३ च्या २० फेब्रुवारीस गोरिंगच्या निवासस्थानीं सुमारें पंचवीस बडे उद्योगपति जमले आणि निवडणुकीसाठीं तीस लाख मार्कांची तरतूद झाली. २ मे रोजीं मजूरसंघांचीं कार्यालयें ताब्यांत घेण्यांत आलीं. १९३१ च्या अरिष्टांत सरकारनें ज्या मोठ्या बँकांचे भाग घेतले होते, ते १९३६-३७ मध्यें पुन्हा खाजगी हातांत गेले. व्याज कोठेंच गेलें नाहीं.

आणि मोठ्या दुकानांचें? हेर्मान टीट्झ या नांवाची दुकानांची प्रचंड साखळी एका ज्यू कुटुंबाच्या मालकीची होती. १९३३ सालीं ती बुडण्याच्या बेतास आली तेव्हां हजारों नोकर बेकार होतील या भीतीनें हिटलरच्या सरकारनेंच तिला कर्ज मिळूं दिलें. दुकानें वांचलीं, कुटुंब मात्र बाहेर काढलें गेलें. मूळ मालकाच्या नांवांतील अक्षरें जोडून दुकानांस 'हेर्टी' हें नवें नांव दिलें. पंचवीस वर्षांच्या भांडवलशाहीविरोधी वाङ्मयाचें फळ एका ठिकाणीं पाहावयाचें असेल तर तें येथें पाहावें. व्यवस्थेच्या केंसासही धक्का लागला नाहीं. ज्यांच्या अंगीं तिचा 'स्वभाव' चिकटविला होता तीं माणसें देशोधडीस लागलीं. १९३८ च्या नोव्हेंबरांतील अत्याचारांनंतर ज्यू समाजावरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसविण्यांत आला, आणि त्यानंतर जें घडलें त्यास दंड हा शब्द पुरत नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं या साऱ्याचा बोजा त्या लेखकांच्या डोक्यावर घालणें कितपत न्याय्य? श्पेंग्लरनें १९३३ सालच्या आपल्या पुस्तकांत नव्या सत्ताधाऱ्यांवर टीका केली आणि त्यांच्याशीं त्याचें बिनसलें. एडगार युंग या राष्ट्रवादी लेखकानें, १९३४ च्या जूनमध्यें फान पापेननें मारबुर्ग येथें राजवटीवर टीका करणारें जें भाषण केलें, तें लिहून दिलें. त्याच महिन्याच्या ३० तारखेस सुरू झालेल्या कत्तलींत त्याचा बळी गेला. पक्षांतील भांडवलशाहीविरोधी गटाचा पुढारी ग्रेगोर स्ट्रासर त्याच कत्तलींत मारला गेला, आणि झेररनें ज्याच्यावर भिस्त ठेवली होती तो सेनापति श्लायखरही. हे सर्व खरें आहे, आणि त्यांच्या मृत्यूची थट्टा कोणी करूं नये. शिवाय लाखों मतें या ग्रंथांमुळें मिळालीं असेंही आम्ही म्हणत नाहीं. श्पेंग्लर वाचून मत देणारे शेतकरी आणि बेकार थोडेच असतील.

या लेखकांचा प्रभाव दुसरीकडे होता. नवी सत्ता उभारण्यास त्यांनीं हात लावला नसेल. जुन्या सत्तेच्या रक्षणार्थ ज्यांनीं हात उचलावयाचा त्यांचे हात मात्र त्यांनीं ढिले केले. प्राध्यापक, न्यायाधीश, शाळामास्तर, धर्मोपदेशक हे वर्ग रस्त्यावरच्या गुंडगिरीस नाकें मुरडीत. तीच गोष्ट सुंदर गद्यांत वाचली कीं माना डोलावीत. संसद म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार, कायदा म्हणजे व्यापाऱ्यांचा करार, हक्क म्हणजे व्यापाऱ्यांची मागणी, असें दहापंधरा वर्षें वाचीत आलेला मनुष्य, ती संसद मोडली, तो कायदा गुंडाळला, ते हक्क गेले, तेव्हां कशासाठीं रडेल? त्यास वाटलें, गेला तो बाजार. आपलें घरही त्या बाजारांतच होतें हें त्यास उशिरा कळलें.

याच परंपरेंत वाढून वेगळा मार्ग धरणारेही होते. थोमास मान यानें १९१८ सालच्या आपल्या प्रदीर्घ निबंधांत लोकसत्तेवर आणि पाश्चात्य सुधारणेवर मनसोक्त तोंडसुख घेतलें होतें. पण १९२२ सालीं त्यानें प्रजासत्ताकाच्या बाजूनें जाहीर भाषण केलें आणि तो पक्ष पुढें सोडला नाहीं. एर्न्स्ट निकिश हा राष्ट्रवादी आणि भांडवलशाहीचा कडवा शत्रु. पण हिटलर म्हणजे जर्मनीवरील अरिष्ट आहे असें त्यानें १९३२ सालींच लिहिलें, आणि पुढें अनेक वर्षें तुरुंगांत काढून १९४५ सालीं तो जवळजवळ आंधळा होऊन बाहेर आला. तेव्हां त्या काळीं दिसतच नव्हतें, असें म्हणण्यास जागा नाहीं. उलट झेररचें उत्तरचरित्र पाहा: भांडवलशाहीचें मृत्युपत्र छापणारा हा संपादक १९५३ पासून आक्सेल श्प्रिंगरच्या वृत्तपत्र-समूहांतील 'डी वेल्ट' या दैनिकाचा मुख्य संपादक होता. भांडवलशाही त्याच्या हातून संपली नाहीं. तिनें त्याला नोकरी दिली.

राष्ट्राच्या नांवानें अर्थव्यवस्थेवर टीका करणें हेंच मुळांत दूषित, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्यास उत्तर आपल्याच घरीं आहे. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत न्यायमूर्ति रानडे यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळांस सारखे लागू पडत नाहींत, हें दाखवितांना त्यांनीं आधार घेतला तो त्याच जर्मनीच्या लिस्टचा. म्हणजे जर्मन राष्ट्रीय अर्थशास्त्राची एक फांदी मुळामुठेच्या कांठींही रुजली. पण रानड्यांनीं इंग्रजांस व्यापारी आणि हिंदी लोकांस वीर ठरविलें नाहीं. त्यांनीं पतपेढ्या, शेतसारा, सरकारी धोरण यांविषयीं विचारलें. दादाभाई नौरोजींनीं तर हिंदी माणसाचें दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये ठरवून संपत्तीच्या ओघाचा हिशेब मांडला, आणि ज्या देशाच्या राज्यकारभारावर हा आरोप त्याच देशाच्या पार्लमेंटांत १८९२ सालीं ते निवडूनही आले. रानडे आणि दादाभाई भांडवलाचे वैरी नव्हते. देशांत भांडवल वाढावें अशीच त्यांची इच्छा होती. तेव्हां आम्ही तुलना करतों ती मतांची नव्हे, रीतीची. त्यांचे आंकडे चुकीचे आहेत असें सिद्ध करून त्यांना कोणीही खोडून काढूं शकला असता. झोंबार्टचा वीर खोटा आहे हें कोणत्या आंकड्यानें सिद्ध करावें?

म्हणून अशा लिखाणाच्या वाचकानें एक साधी परीक्षा करावी, आणि तीस व्याकरणाच्या ज्ञानापलीकडे कांहीं लागत नाहीं. धनिकांचा धिक्कार करणारें वाक्य पुढें आलें कीं त्या वाक्याचा कर्ता शोधावा. कर्ता कायदा असेल, कर असेल, मक्तेदारी असेल, व्याजाचा दर असेल, तर लेखक कितीही तिखट असो, त्याच्याशीं वाद घालतां येईल आणि कदाचित् त्याच्यापासून शिकतांही येईल. कर्ता एखादी जात, एखादा धर्म, एखादें राष्ट्र किंवा त्यांचा 'स्वभाव' असेल, तर गद्य कितीही डौलदार असो, पुस्तक बाजूस ठेवून प्रथम एवढेंच विचारावें, कीं यांत ज्याचा राग आला आहे ती गोष्ट उद्यां बदलणार आहे, कीं केवळ तिचा मालक बदलणार आहे? जर्मनींतील सुविद्य घरांतून हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाहीं. तीं घरें वाचनांत, संगीतांत, विद्वत्तेंत कोणाहून कमी नव्हतीं, हें आपण विसरूं नये.